यंत्र लहान, भाग मोठे: तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आर्केड खेळणी घडवताना

आर्केडमधली यंत्रं मोठ्यांच्या हाताच्या, उंचीच्या आणि चपळाईच्या मापानं बनलेली असतात. पिनबॉल, पंजानं बक्षीस उचलायचं यंत्र, बिळातून डोकं काढणाऱ्या उंदराला हातोडा मारायचा खेळ, असं काहीही पाहिलं की तीन-चार वर्षांची मुलंही तिथून हलत नाहीत. दिवे लागतात, आवाज येतो, बटण दाबलं की काहीतरी घडतं. मग सहज सुचणारा उपाय म्हणजे तेच यंत्र निम्म्या मापात करायचं. पहिली चूक इथेच होते. यंत्र लहान करताना त्याचे सुटे भाग मात्र मोठे करावे लागतात. निम्म्या मापाच्या पिनबॉलमध्ये निम्म्या मापाचा चेंडू आला, तर तो मुलाच्या घशात जाऊ शकतो.

दुसरं असं, की या वयाचं मूल खेळण्याशी जितकं खेळतं तितकंच त्याला ओढतं, पिळतं, चावतं, आपटतं आणि संधी मिळाली तर त्यावर चढतं. म्हणून अखंड खेळणं सुरक्षित आहे की नाही हा प्रश्न अर्धाच आहे. प्रत्येक भागाबद्दल विचारायचं ते हे: हा निखळला, तडकला किंवा उसवला, तर मुलाच्या हातात काय येईल? या लेखातली बहुतेक मापं याच प्रश्नाची उत्तरं आहेत. ती आयएसओ ८१२४, युरोपातलं ईएन ७१, अमेरिकेतलं एएसटीएम एफ ९६३ आणि विजेवरच्या खेळण्यांसाठीचं आयईसी ६२११५ या मानकांच्या विचारावर बेतलेली आहेत. मानकांमधले आकडे एकमेकांपासून थोडे इकडेतिकडे होतात, तत्त्व सगळीकडे एकच आहे.

खोक्यावर ‘३ वर्षांवरील’ असं छापलं की काम भागतं, हा समज आधीच बाजूला ठेवलेला बरा. खेळणं कुठल्या वयाचं हे तपासणारे त्याच्या रूपावरून ठरवतात. मोठी बटणं, ठळक रंग आणि प्राण्यांचे चेहरे असतील, तर ते दोन वर्षांच्या मुलासाठीही आहे असंच धरलं जाऊ शकतं. शिवाय घरात धाकटं भावंड असतंच. त्यामुळे लहान भागांचे नियम कागदोपत्री तीन वर्षांखालच्यांसाठी असले, तरी पाच वर्षांपर्यंतच्या खेळण्याला ते जसेच्या तसे लावावेत.

घशाची दोन मापं

लहान भाग ओळखायला एक नळकांडं वापरतात. आतला व्यास ३१.७ मिमी, तळ तिरपा, खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिमी. कुठलाही भाग, किंवा तुटून पडलेला तुकडा, न दाबता कसाही फिरवून त्यात पूर्ण मावला तर तो धोक्याचा. हे नळकांडं विकत मिळतं, थ्रीडी प्रिंटरवरही काढता येतं. टेबलावर ते कायम असावं.

पण चेंडूसारख्या गोल वस्तूला हे नळकांडं पुरत नाही. गोळा घशाच्या मऊ भागात दबून बसतो, हवेला बाजूनं जायला फट राहत नाही आणि ओला गोळा बोटांनी बाहेर काढता येत नाही. म्हणून गोळ्यासाठी वेगळं माप आहे: ४४.५ मिमी व्यासाच्या भोकातून जो चेंडू स्वतःच्या वजनानं आरपार जातो, तो लहान मुलांच्या खेळण्यात नको.

या दोन मापांच्या मधोमध अडकणारी वस्तू म्हणजे जॉयस्टिकच्या दांड्यावरचा गोळा. आर्केडच्या प्रचलित जॉयस्टिकवर तो ३५ मिमी व्यासाचा असतो आणि दांड्यावर आट्यांनी बसवलेला असतो. नळकांड्यात तो मावत नाही, म्हणून घाईघाईच्या तपासणीत पास होतो. चेंडूच्या मापात मात्र नापास. आणि मूल जॉयस्टिक पिळतंच, त्यामुळे आटे सुटायला फार दिवस लागत नाहीत. आट्यांवर गोंद लावणं हा अपुरा उपाय आहे; घामानं, धक्क्यानं गोंद सुटतो. गोळा काढून टाकावा आणि ५५ ते ६० मिमीची मूठ दांड्यासकट एकाच साच्यात ओतावी, किंवा दांड्याच्या आरपार पिन घालून ती आतून बंद करावी.

खऱ्या पिनबॉलचा पोलादी गोळा २७ मिमीचा आणि साधारण ८० ग्रॅमचा असतो. तो दोन्ही मापांत नापास आहे. ‘काचेखाली बंद आहे, बाहेर येणार कसा?’ या युक्तिवादाला अर्थ नाही, कारण झाकण फुटतं तेव्हाच गोळा बाहेर येतो. त्याऐवजी ५० मिमीचा, सुमारे १५ ग्रॅमचा पोकळ चेंडू घ्यावा. तो तडकला तर तुकडे धारदार होणार नाहीत इतकं मऊ प्लास्टिक निवडावं.

नाणी आणि टोकन यांचंही तेच. खऱ्या नाण्यांसाठी फट ठेवूच नये. टोकन हवंच असेल तर ५० मिमी व्यासाचं, ५ ते ६ मिमी जाड, एकाच तुकड्याचं असावं. दोन पापुद्रे चिकटवलेलं टोकन चावल्यावर सुटतं.

एक धोका सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: वाटीसारखा आकार. घुमटाकार बटणाचं झाकण किंवा बक्षिसाच्या डबीचं अर्धुक सुटलं की त्याची वाटी होते, आणि मूल ती नाकातोंडावर लावून हवा ओढतं. वाटी चिकटून बसते. साधारण ६४ ते १०२ मिमी व्यासाच्या आणि १३ मिमीपेक्षा खोल वाट्यांबद्दल मानकं बोलतात, आणि आर्केडचं लोकप्रिय घुमटी बटण नेमकं १०० मिमीचं असतं. अशा प्रत्येक वाटीला काठापासून किमान १३ मिमी आत, एकमेकांपासून ३० ते १५० अंशांच्या कोनात, दोन भोकं ठेवावीत. ती दोन्ही एकाच वेळी झाकली जाणार नाहीत इतकी लांब हवीत. बटणाच्या आत दिवा असल्यामुळे भोक दिसेल ही तक्रार येते. दिसू द्यावं.

उताराचं गणित

पिनबॉलचा वेग उतारावर ठरतो. मोठ्यांच्या यंत्राचा उतार साधारण ६.५ अंश असतो. ६० सेंमी लांबीच्या पाटावर भरीव गोळा त्या उतारानं घरंगळला तर वरून खाली यायला सुमारे १.२ सेकंद लागतात आणि खाली पोचताना वेग सेकंदाला एक मीटरच्या जवळपास असतो. मोठ्या माणसाला दिवा पाहून नुसतं बटण दाबायला पाव सेकंद लागतो. चार वर्षांच्या मुलाला त्याच्या दुप्पट किंवा जास्त, आणि त्याआधी कुठलं बटण दाबायचं हे ठरवण्यात वेळ जातो तो वेगळा. म्हणजे चेंडू दिसला, कळला, हात हलला, तोवर डाव संपलेला.

तोच पाट ३ अंशांवर ठेवला, म्हणजे ६० सेंमीत जेमतेम ३ सेंमी उंची, आणि चेंडू पोकळ घेतला, तर खाली यायला जवळजवळ २ सेकंद लागतात. पोकळ चेंडूचं वजन कवचात असतं, त्यामुळे फिरायला त्याला जास्त जोर लागतो आणि तो मुळातच सावकाश घरंगळतो. खालचा वेग सेकंदाला ६० सेंमी. वजन आणि वेग दोन्ही उतरल्यामुळे चेंडूच्या धडकेची ऊर्जा पोलादी गोळ्याच्या तुलनेत चौदाव्या हिश्श्यावर येते. खेळ सोपा करण्यासाठी केलेला बदल इथे आपसूक सुरक्षिततेच्याही कामी येतो. दोन अंशांच्या खाली मात्र जाऊ नये. पाटाला जराशी पोक आली तरी चेंडू मध्येच थांबतो, आणि थांबलेला चेंडू हलवायला मूल सगळं यंत्र उचलून आपटतं.

चेंडू उडवणारी स्प्रिंग उघडी नको. ताणलेल्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांत बोटाची कातडी अडकते. ती बंद नळीत ठेवावी आणि मूठ ओढण्याचं अंतर ३० ते ४० मिमीवर अडवावं. वरचं झाकण काचेचं नको, अॅक्रिलिकचंही नको. अॅक्रिलिक स्वच्छ दिसतं, पण आपटल्यावर त्याचे टोकदार तुकडे होतात. ३ मिमी जाडीचं पॉलिकार्बोनेट वाकतं, फुटत नाही. त्याला एक खोड आहे: काही सॉल्व्हेंट आणि आटे पक्के करणारे द्रव लागले की स्क्रूच्या भोवती बारीक चिरा पडत जातात. त्यामुळे त्या स्क्रूंना असं काही लावू नये, आणि भोक स्क्रूपेक्षा अर्धा-एक मिमी मोठं ठेवावं.

बटण, फट आणि बोट

आर्केडची साधी बटणं २४ आणि ३० मिमीची असतात. ती तर्जनीसाठी आहेत. या वयाची मुलं तळहातानं दाबतात, कधी दोन्ही हातांनी, कधी कोपरानं. ६० मिमीपासून पुढचं बटण त्यांना सोयीचं पडतं. दाबायला दीड ते तीन न्यूटन, म्हणजे १५० ते ३०० ग्रॅम वजनाइतका जोर पुरे व्हावा. बाजारातल्या १०० मिमीच्या बटणांची स्प्रिंग बरेचदा याहून कडक असते, ती बदलावी लागते.

तळहात क्वचितच बरोबर मध्यभागी पडतो. कडेवर दाब आला की घुमट तिरका होतो आणि दांडी नळीत अडकते. मध्यापासून कडेपर्यंत ५० मिमी अंतर असेल तर दांडीला सांभाळणारी नळी किमान २५ मिमी लांब हवी. ३५ ते ४० असेल तर उत्तम. पारख सोपी आहे: २०० ते ३०० ग्रॅमचं वजन घुमटाच्या अगदी काठावर ठेवावं, बटण लागलं पाहिजे आणि वजन उचलताच वर आलं पाहिजे.

हलणाऱ्या दोन भागांमधल्या फटीचा नियम पाठच करून ठेवावा असा आहे. फटीत ५ मिमीची सळई जात असेल, तर १२ मिमीचीही गेलीच पाहिजे, आणि हे हालचालीच्या प्रत्येक टप्प्यावर खरं असलं पाहिजे. म्हणजे फट एकतर बोट शिरणार नाही इतकी अरुंद हवी, किंवा बोट चेंगरणार नाही इतकी रुंद. स्थिर कडक भागातल्या भोकालाही असाच नियम आहे. पातळ पत्र्यात किंवा प्लास्टिकच्या पातळ भिंतीत ६ मिमीचं भोक असेल तर बोट १० मिमी आत जातं, सुजतं आणि बाहेर येत नाही, रक्तपुरवठा तुटतो. स्पीकरच्या जाळीची भोकं म्हणूनच ३ मिमीच्या आत ठेवावीत. ५ आणि १२ मिमीच्या दोन गुळगुळीत सळया खिशात असल्या की बहुतेक तपासणी तिथल्या तिथे होते.

प्रोग्रामिंगच्या बाजूनं दोन गोष्टी. स्विचचे संपर्क दाबल्यावर काही क्षण थरथरतात, तेवढ्यासाठी २० ते ३० मिलिसेकंदांचं दुर्लक्ष ठेवतातच. इथे आणखी हवं ते असं: पहिली दाब मोजल्यावर पुढचे ३०० मिलिसेकंद काहीच मोजायचं नाही, आणि बटण धरून ठेवलं तर तीच कृती पुन्हा पुन्हा घडू द्यायची नाही. हे नसेल तर बटणावर बसलेलं मूल खेळ अडकवून टाकतं आणि मोटर सतत चालू राहते.

उंदीर आणि हातोडा

बिळातून डोकं वर येणारा खेळ हा या सगळ्यांत करायला अवघड, कारण मूल भोकावर वाकून आत पाहतं आणि त्याच वेळी डोकं वर येतं.

सोलेनॉइड, म्हणजे वीज दिली की दांडा हलवणारं तारेचं वेटोळं, वापरू नये. तो झटक्यानं उडतो, आणि अडकून चालू राहिला तर त्याचं वेटोळं भाजण्याइतकं तापतं. मोटरनं थेट वर ढकलणं आणि थेट खाली ओढणं हेही नको. अडकलेल्या बोटावर मोटरचा सगळा जोर येतो. चालते ती रचना अशी: मोटर एका मऊ स्प्रिंगमधून डोकं वर उचलते आणि डोकं स्वतःच्या वजनानं खाली येतं. डोक्याचं वजन ८० ग्रॅमच्या आसपास ठेवलं तर वर जाताना स्प्रिंग हार मानते आणि खाली येताना बोटावर जेमतेम ८० ग्रॅम पडतात.

आकारातली नेहमीची चूक म्हणजे डोकं रुंद आणि मान बारीक. दिसायला छान, पण डोकं खाली बसताना त्याच्या आणि पाटाच्या मधली फट २० मिमीवरून शून्यावर येते आणि बोट नेमकं तिथेच असतं. मान काढून टाकावी. डोकं म्हणजे ७० ते ८० मिमी व्यासाचं सरळ नळकांडं, ज्याचा खालचा काठ बिळाबाहेर कधीच येत नाही. चेहरा त्यावर रंगवावा किंवा साच्यातच उठवावा; चिकटवलेले डोळे आणि नाक पहिल्या आठवड्यात निघतात. नळकांडं आणि भोक यांच्यात चहूबाजूंनी २ मिमी फट ठेवावी. एक मिमी ठेवली तर प्लायवूड दमट हवेत फुगून सगळं जाम होतं.

खरं सांगायचं तर, या वयासाठी हलणारं डोकं लागतच नाही. स्थिर मऊ डोकी आणि त्यांच्यात आळीपाळीनं लागणारा दिवा एवढ्यावर मुलं तितकीच रमतात. मोटर गेली, फटी गेल्या, निम्मे धोके गेले.

हातोडा १०० ग्रॅमच्या आत असावा, कारण तो उंदराइतकाच शेजारच्या मुलाच्या डोक्यातही पडतो. उघडा फोम नको. दातांनी त्याचे लचके तुटतात आणि फोमचा तुकडा घशात दबून बसतो. फोमवर दुहेरी शिलाईचं जाड कापड हवं. दांडा १८ ते २० सेंमी, जाडी २२ ते २५ मिमी. दांड्याच्या टोकाला गोळा करू नये, तोंडात धरून मूल पालथं पडलं तर तो घशाकडे जातो. तिथे ५० मिमीची चपटी, कडा गोलावलेली चकती द्यावी. हातोडा हरवू नये म्हणून दोरी बांधण्याचा मोह होतो. दोरी टाळावी. लागलीच तर ताणून २२ सेंमीपेक्षा लांब नको, आणि तिचा फास होता कामा नये.

पंजा, बक्षिसाचं तोंड आणि चुंबक

पंजाचं यंत्र टेबलावर ठेवण्याइतकं लहान आणि दोन दांड्यांनी हातानं चालणारं असेल, तर फारसं काही बिघडत नाही. मोठ्या कपाटाएवढं असेल तर बक्षीस बाहेर पडायच्या तोंडाकडे पाहावं. तिथून आत शिरून अडकलेली लहान मुलं हा काल्पनिक प्रकार नाही, अनेकदा घडलेला आहे. मैदानावरच्या खेळसाहित्याचा नियम इथे उपयोगी पडतो: ८९ मिमी ते २२९ मिमी यांच्या मधलं तोंड नको. अशा तोंडातून धड जातं आणि डोकं अडकतं. टेबलावरच्या यंत्रासाठी ८० ते ८५ मिमीचं तोंड आणि ५० ते ७० मिमीची बक्षिसं हा हिशेब जमतो.

पंजाऐवजी चुंबकानं उचलायचा किंवा मासे पकडायचा खेळ करायची कल्पना हमखास पुढे येते. निओडिमियमचे ताकदवान चुंबक मुलांच्या खेळण्यात वापरूच नयेत. एक चुंबक गिळला तर तो बहुधा निघून जातो. दोन गिळले, किंवा एक चुंबक आणि एक लोखंडी तुकडा, तर आतड्याच्या दोन वळ्या त्यांच्यात चिमटतात, मधली भिंत मरते आणि आतड्याला भोक पडतं. बाहेरून मूल फक्त पोट दुखतंय म्हणतं. मानकांमध्ये गिळता येण्याजोग्या चुंबकाची ताकद ५० या निर्देशांकाखाली ठेवायची अट आहे, पण त्या मोजमापाच्या भानगडीत पडण्यापेक्षा बोथट आकडा आणि मोठी कडी, किंवा चिकटपट्टीसारखं धरणारं वेल्क्रो वापरावं.

वीज

विजेवरच्या खेळण्याला २४ व्होल्टची कमाल मर्यादा आहे. आपल्याला ६ व्होल्टही भरपूर होतात. पेन्सिल सेल चार, डब्याला स्क्रूचं झाकण, आणि झाकण काढल्यावर स्क्रू झाकणातच अडकून राहील अशी बैठक. सुटा स्क्रू हाही लहान भागच आहे. चारही सेल एकदम बदलायचे हे डब्यावरच लिहावं, कारण जुना आणि नवा सेल एकत्र आले की जुना उलटा भारला जातो आणि गळतो.

सेलच्या लगेच पुढे पॉलीफ्यूज, म्हणजे प्रवाह फार वाढला की तो आपोआप तोडणारा फ्यूज, बसवावा. दिवे आणि लहान स्पीकर मिळून ३०० मिलिअँपिअर घेत असतील तर अर्ध्या अँपिअरचा पुरेल. तो साधारण दुप्पट प्रवाहाला तोडतो. पुन्हा भरता येणारे सेल शॉर्ट झाले तर साध्या सेलपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह सोडतात, आणि पालक ते घालणारच हे धरून चालावं. मोटर असेल तर ती हातानं अडवून पाच-दहा मिनिटं ठेवावी आणि बाहेरचा पृष्ठभाग चाचपावा. मुलाचा हात जिथे जातो तिथे कोमटच्या पुढे काही लागता कामा नये.

नाण्याच्या आकाराचा बटण सेल कुठेही नको. रिमोटमध्ये नाही, दिवा लागणाऱ्या टोकनमध्ये नाही. २० मिमीचा ३ व्होल्टचा सेल अन्ननलिकेत अडकला की ओल्या पेशींमधून प्रवाह वाहतो, ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि ती भिंत जाळत जाते. गंभीर इजा व्हायला दोन तास पुरतात. यासाठी सेल फुटावा लागत नाही, तो नवा असावा लागत नाही. खेळणं चालवू न शकणाऱ्या ‘मेलेल्या’ सेलमध्येही एवढी वीज उरलेली असते. गिळल्याची शंका आली तरी उलटी न करवता ताबडतोब रुग्णालय गाठायचं, ही सूचना माहितीपत्रकात अगदी वर हवी.

दिवे आणि आवाज

दिव्यांची उघडझाप सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा नको. त्याच्या वर, विशेषतः १५ ते २५ वेळा, प्रकाशाला संवेदनशील असलेल्या मुलांना झटका येऊ शकतो, आणि गडद लाल रंगात धोका वाढतो. जिंकल्यावर सगळे दिवे एकदम फडफडवण्याऐवजी रंग एका सेकंदात हळूच बदलावा. एलईडी उघडा दिसू नये, दुधी प्लास्टिकमागे असावा.

टेबलावरच्या खेळण्याच्या आवाजाला एएसटीएमची मर्यादा ५० सेंमी अंतरावर ८५ डेसिबल आहे. पण मूल ५० सेंमीवर बसत नाही. ते स्पीकरला कान लावतं. अंतर निम्मं झालं की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलनं वाढतो, म्हणजे २५ सेंमीवर ९१. म्हणून ५० सेंमीवर ६५ च्या आसपास थांबावं. आवाज कमी-जास्त करायचं बटण देण्याऐवजी स्पीकरच्या वाटेत पक्का रेझिस्टर घालावा; बटण दिलं की ते कायम शेवटच्या टोकाला असतं.

हरणं कशाला हवं

वेळ संपली म्हणून डाव बंद, हा आर्केडचा धंद्यासाठीचा नियम आहे. तीन वर्षांच्या मुलाला त्याचा अर्थ लागत नाही; यंत्र बिघडलं असं समजून ते त्याला मारतं. दिवा लागला की दाबेपर्यंत लागलेलाच ठेवावा. पाच वर्षांच्या आसपास चार सेकंदांची मुदत द्यावी आणि चुकलं तर शिक्षा नको, पुढचा दिवा लागावा. दोन-तीन मिनिटांनी खेळानं स्वतःच शांत सूर वाजवून थांबावं.

बक्षीस ठरलेल्या क्रमानं मिळावं, उदाहरणार्थ दर पाच बरोबर दाबांनंतर. कधी मिळेल कधी नाही अशा बक्षिसानं प्राणी एखादी कृती किती चिवटपणे करत राहतात, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांनी दाखवलं. जुगाराची यंत्रं त्याच तत्त्वावर चालतात. इथे त्याची गरज नाही.

पडणं, कलंडणं आणि मुद्दाम मोडणं

उभ्या कपाटासारखं यंत्र करायचं असेल तर आधी एक हिशेब करावा. उंची ९० सेंमी, खोली ४० सेंमी, वजन ८ किलो. हे दहा अंशांच्या उतारावर आरामात उभं राहतं. पण वरच्या कडेला धरून पुढे ओढलं तर जेमतेम पावणेदोन किलोच्या जोरानं ते कलंडतं. आणि बटणांचा पाट तळापेक्षा १० सेंमी पुढे आलेला असेल, तर १६ किलोचं मूल त्यावर लोंबकळताच तोल बरोबर सीमेवर येतो. वाटेत थोडा हिसका बसला की गेलं. उतारावरची चाचणी हे दाखवत नाही. उपाय तीन: पाट तळाच्या बाहेर जाऊ न देणं, तळाशी वजन घालणं, आणि भिंतीला पक्कं बांधायची पट्टी देणं. त्यातला पहिला फुकटचा आहे. पाटाची उंची ५० ते ५५ सेंमी ठेवली तर चढायची गरजही कमी होते.

आता मोडायचं काम. एकाच नमुन्यावर लागोपाठ हे करावं. कडक जमिनीवर ९३ सेंमी उंचीवरून चार वेळा, दर वेळी वेगळ्या कोनात टाकायचं. धरता येईल असा प्रत्येक भाग ०.४५ न्यूटन-मीटरनं पिळायचा. १५ सेंमीच्या पान्याच्या टोकाला ३०० ग्रॅम टांगले की एवढा पीळ बसतो. मग तोच भाग सामान मोजायच्या काट्यानं ७ किलोपर्यंत ओढून १० सेकंद धरायचा. शेवटी ३० मिमीच्या चकतीखाली १४ किलोचा दाब, तोही १० सेकंद. जे काही सुटेल ते नळकांड्यात आणि चेंडूच्या मापात टाकून पाहायचं, आणि तुटलेल्या प्रत्येक कडेवरून बोट फिरवायचं.

सर्वांत आधी मोडतात ते स्क्रूचे खांब. प्लास्टिकच्या खोक्यात खांब जिथे तळाला मिळतो तो कोपरा काटकोनी असेल तर तडा तिथूनच जातो. कोपरा दीड-दोन मिमीनं गोलावा आणि खांबाला तीन-चार आधारपट्ट्या द्याव्यात. थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या नेहमीच्या प्लास्टिकमध्ये काढलेले खांब थरांमधून सरळ सोलले जातात, आणि पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊही पडतं. नमुन्यापुरतं ते ठीक, वापरासाठी नाही. लाकडी खोक्यात प्लायवूडच्या कडा किमान ३ मिमीनं गोलावून पॉलिश पेपरनं घासाव्यात. रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) खाली असल्याचा कागद विक्रेत्याकडून घ्यावा. ‘पाण्यावर आधारित’ असं लिहिलेलं असलं म्हणजे शिसं नाही असं ठरत नाही. मऊ प्लास्टिकमध्ये डीईएचपी, डीबीपी, बीबीपी ही थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं) प्रत्येकी ०.१ टक्क्याच्या आत हवीत.

वापरात आल्यावर दर महिन्याला बटणं पिळून, हातोड्याची शिलाई ताणून आणि सेलचा डबा उघडून पाहावा. पांढरट भुकटी दिसली तर सेल गळतोय. तो हातमोजे घालून काढावा, पट्ट्या पुसाव्यात आणि गंजल्या असतील तर डबाच बदलावा. स्क्रू सैल झालेला सापडला की तो आवळून पुढे जायची सवय असते. दुसऱ्यांदा तोच सैल झाला, तर आतले आटे झिजलेले असतात. तिथे स्क्रू अजून घट्ट पिळून उपयोग नाही. पितळी आट्याची बुश बसवावी, नाहीतर तो भाग बदलेपर्यंत खेळणं मुलांच्या हाती देऊ नये.